भरल्या घरातील उपासमार

अहमदनगर जिल्ह्यास, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यास, उपासमार ही परकी गोष्ट नव्हे. पश्चिमेस अकोल्याचे डोंगर पावसात न्हाऊन निघत असता पूर्वेस जामखेड-कर्जतचा शेतकरी कोरड्या आभाळाकडे पाहत बसलेला असतो, असा हा मुलूख. १८७६-७७ च्या दुष्काळाने तो पोळला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून आणि सुकडी खाऊन माणसांनी दिवस काढले. त्यामुळे गालफडे बसलेला, हाडे वर आलेला देह दृष्टीस पडला की तेथल्या माणसास प्रथम दुष्काळ आठवतो. घरात धान्य असेल तर क्षयाची शंका येते. तीही फिटली तर कोणी म्हणते, पोरगी फार उपास करते. ह्या तिन्हींपैकी एकही कारण नसता माणूस सुकत जातो, ही गोष्ट सहसा कोणाच्या मनात येत नाही. कारण तिला आपल्या बोलीत सुटसुटीत नावच नाही.

नाव नसले तरी दुखणे आहे. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, क्वचित मुलगाही, आधी गोडधोड सोडते, मग तूपतेल, मग भात. मैत्रिणीकडे जेवून आल्याचे सांगते, ताटातले अन्न पदराआड करते, आणि अंगात त्राण नसता दिवसभर जिने चढते-उतरते. घरचे रागावतात, मग विनवतात, मग पुन्हा रागावतात. वैद्यकात ह्यास ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ म्हणतात. हे नाव फसवे आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘भूक नसणे’ असा होतो; परंतु भूक असते, पुष्कळ असते, आणि तिच्याशीच रात्रंदिवस झुंज चाललेली असते. आपल्या चरकसंहितेत अरोचकाच्या कारणांत शोक, भय, क्रोध अशी मनाची कारणे गणलेली आहेत, म्हणजे अन्न आणि मन ह्यांचा संबंध आपल्या वैद्यांस ठाऊक होता. तथापि अरोचक आणि हे दुखणे एकच, असे म्हणणे घाईचे होईल.

व्रतापासूनही ते वेगळे ओळखता येते, आणि त्याकरिता ह्याच जिल्ह्यातील उदाहरण पुरे आहे. पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे ह्यांनी ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीस उपोषण केले. ते १२ दिवस चालले. हेतू जाहीर होता, अट जाहीर होती, डॉक्टर वजन, नाडी आणि रक्तदाब पाहत होते. आणि २८ ऑगस्टला ते सुटले तेव्हा समोर पंचपक्वान्नांचे ताट आले नाही, नारळपाणी आणि मध आला. त्यानंतर त्यांस रुग्णालयात नेण्यात आले. एकादशीस द्वादशी असते, चातुर्मासास कार्तिकी असते. व्रतास पारणे असते. ह्या दुखण्यास ते नसते. ठरवलेले वजन गाठले की त्याहून कमी वजन ठरते.

हे दुखणे प्रथम कोणी पाहिले, ह्याचा शोध घेतला तर लंडनचा वैद्य रिचर्ड मॉर्टन ह्याच्या १६८९ सालच्या क्षयावरील लॅटिन ग्रंथापर्यंत मागे जावे लागते. त्याने दोन रोगी वर्णिले आहेत. पहिली अठरा वर्षांची मुलगी. ती औषधांस कंटाळून उपचार सोडते आणि मरण पावते. दुसरा सोळा वर्षांचा मुलगा, एका धर्मोपदेशकाचा. त्याचा अभ्यास सोडवून, त्यास खेड्यात पाठवून, दुधावर ठेवून मॉर्टनने बराचसा बरा केला. पहिल्या दोन रोग्यांतला एक मुलगा होता, ही गोष्ट पुढे पुष्कळ डॉक्टर विसरून गेले.

दुखण्यास नाव मिळाले ते १८७३ साली. त्या वर्षी एप्रिलमध्ये पॅरिसच्या लासेग ह्यांनी आठ रोग्यांवरून एक निबंध प्रसिद्ध केला, आणि ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सर विल्यम गल ह्यांनी तेथील क्लिनिकल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला. गल हे काही साधे गृहस्थ नव्हते. १८७१ साली युवराजांच्या विषमज्वरात त्यांनी उपचार केले होते आणि त्याबद्दल त्यांस सरदारकी मिळाली होती. त्यांच्या निबंधातील पहिली रोगी, जिला ते ‘मिस ए’ म्हणतात, १८६६ साली त्यांच्याकडे आली तेव्हा १७ वर्षांची होती आणि तिचे वजन ८२ पौंड भरले. नाडी मिनिटास ५६, विटाळ जवळजवळ वर्षभर बंद, फुप्फुसांत दोष नाही, पोटात दोष नाही. आणि अशा स्थितीत ती एका जागी बसावयास तयार नव्हती. दोन वर्षांनी तिचे वजन १२८ पौंड झाले. गल ह्यांनी औषधे पुष्कळ देऊन पाहिली आणि प्रांजळपणे लिहून ठेवले की त्यांचा उपयोग फारसा झाला नाही. उपयोग झाला तो ठरावीक वेळाने, भूक असो वा नसो, अन्न देण्याचा.

हे अन्न द्यावयाचे कोणी, हा मात्र ह्या सगळ्या इतिहासाचा मर्माचा प्रश्न आहे.

लासेग ह्यांनी घरच्या माणसांची स्थिती फार मार्मिकपणे टिपली आहे. कुटुंबाच्या हाती दोनच उपाय असतात, विनवण्या आणि धमक्या, आणि ते दोन्ही वापरून झिजून जातात, असे त्यांचे निरीक्षण आहे. गल एक पाऊल पुढे गेले. रोग्याची शुश्रूषा करण्यास नातलग आणि स्नेही बहुधा सर्वांत अयोग्य, असा त्यांनी निर्वाळा दिला. पॅरिसचे शार्को ह्यांनी तर १८८५ च्या एका व्याख्यानात आंगुलेम गावच्या एका मुलीची हकीकत सांगितली. आईबाप तिला घेऊन पॅरिसला आले. शार्को ह्यांनी त्यांस निघून जाण्यास सांगितले. ते जातो म्हणून गेले नाहीत. ते खरोखर गेले तेव्हा मुलगी जेवू लागली, आणि पुढे म्हणाली की आईबाप गेले नव्हते तोवर आपले दुखणे गंभीर आहे असे तिला वाटलेच नव्हते. त्या काळाच्या वैद्यकास ही हकीकत फार आवडली. रोगी घरातून काढून नेणे हाच उपचाराचा पहिला पाठ ठरला, आणि मागे राहिलेल्या आईच्या मनात आपल्याच हातून मुलीचे वाटोळे झाले ही बोचणी कायमची रुतून बसली. ही बोचणी एका संपूर्ण शतकाने सोसली आहे, आणि तिला पुरेसा आधार नव्हता.

मध्यंतरी एक आडवाट झाली. १९१४ साली हॅम्बुर्गच्या सिमंड्स ह्यांनी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा नाश झाल्यामुळे खंगत गेलेला रोगी वर्णिला, आणि मग खंगणारी प्रत्येक मुलगी ग्रंथीची रोगी समजली जाऊ लागली. तिला ग्रंथींचे अर्क टोचले जात. तिच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची गरज उरली नाही. ह्यात पंचवीस-तीस वर्षे गेली.

उपाशी देहात मनाचे काय होते, ह्याचा उलगडा एका वेगळ्याच ठिकाणी झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांस सहा महिने अर्धपोटी ठेवले. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार देणारे, आणि आपखुशीने पुढे आलेले होते. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपास पुन्हा कसे जेवू घालावे हे ठरविण्यासाठी हा खटाटोप होता. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. परंतु खरा अचंबा पुढेच होता. हे धडधाकट, विचारी तरुण अन्नाखेरीज दुसरे काही बोलेनासे झाले. पाकशास्त्राची पुस्तके गोळा करू लागले. एकेक घास बराच वेळ चघळू लागले. ताटल्या चाटू लागले. चिडके, उदास आणि माणूसघाणे बनले. म्हणजे ज्या लहरी आजवर मुलीच्या हट्टी स्वभावाच्या म्हणून गणल्या जात, त्यांतील पुष्कळशा उपासमारीच्याच होत्या. आधी पोटात अन्न गेल्यावाचून मनाशी बोलणे व्यर्थ आहे, हा धडा येथून मिळाला. मात्र ते अन्न एकदम घालणेही जिवावर बेतू शकते. १९४५ साली छावण्यांतून सुटलेले काही बंदिवान पोटभर जेवल्यावर दगावले. दीर्घ उपवासानंतर अन्न पोटात जाताच रक्तातील फॉस्फरस व पोटॅशियम झपाट्याने उतरते आणि हृदय कोलमडते. नारळपाण्याने उपवास सोडण्यामागचे शहाणपण आपल्या घरोघर होते. त्याचे कारण पुढे कळले.

येथून अहमदनगर जिल्ह्याकडे वळावयास हवे, कारण अन्न कोणी भरवावयाचे ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे एका अगदी निराळ्या वाटेने सापडले.

डॉ. रजनीकांत आरोळे हे ह्याच जिल्ह्यातले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. मेबल ह्यांनी वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले, १९६२ पासून काही वर्षे वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम केले, आणि तेथे एक गोष्ट त्यांच्या मनास टोचत राहिली. बरी करून पाठविलेली मुले तेच दुखणे घेऊन परत येत. औषध रुग्णालयात होते, दुखणे घरात होते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० साली परतले आणि त्यांनी जामखेड निवडले. त्या भागात तेव्हा जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी १७६ वर्ष पुरे होण्याच्या आत दगावत. मूल सुकत चालले की ते दृष्टीचे किंवा देवीच्या कोपाचे समजले जाई. हगवण लागली की पाणीही तोडले जाई. आणि घरातली बाई सर्वांच्या मागून, उरलेसुरले खाई, मग ती गरोदर का असेना.

आरोळे दांपत्याने प्रथम रीतसर शिकलेल्या परिचारिका खेड्यांत नेमल्या. त्या तेथे टिकल्या नाहीत, आणि टिकल्या तरी गावच्या बाया त्यांचे ऐकेनात. बाहेरून आलेल्या, नीटनेटक्या कपड्यांतल्या बाईने ‘मुलाला खिचडी भरवा’ म्हटले तर ते ऐकणारे कोण? तेव्हा गावातलीच एक बाई गावाने निवडावी असे ठरले. ह्या बायकांतील पुष्कळशा निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या, काही टाकलेल्या होत्या. त्या आठवड्यास जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, आणि शिकून परत जात. शिकणे तरी काय? मुलाचे वजन घेणे, दंडाचा घेर मोजणे, मीठ-साखरेचे पाणी करणे, घरात जे आहे त्यातूनच मऊ, सकस अन्न दिवसातून चार-पाच वेळा भरविणे. १९७२-७३ च्या दुष्काळात गावोगाव मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक निघाले, आणि शेतकरी मंडळांनी ते चालविण्यास हात दिला. गावची आरोग्यसेविका एखाद्या घरी जाऊन बसे. ती उपदेश करीत नसे, त्या चुलीपाशी बसून मुलाला भरवून दाखवीत असे. पुढच्या आठवड्यास पुन्हा जाई. वजन उतरले तर मूल जामखेडला पाठवी, आणि तेथे शस्त्रक्रियागृहासह रुग्णालय पाठीशी उभे असे. अडीच दशकांत बालमृत्यूचे ते प्रमाण पाचव्या हिश्श्याहून खाली आले. १९७९ साली दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले, त्याआधी १९७५ सालीच जागतिक आरोग्य संघटनेने ह्या प्रयोगाची हकीकत छापली होती. १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत तेथील आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहातील झुंबराकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या की ते सुंदर असले तरी महागडे आहे, हातच्या पणतीने मात्र दुसरी पणती लागते.

जामखेडचे मूल आणि लंडनची मिस ए ह्यांचे दुखणे एक नव्हे, हे उघड आहे. एकास अन्न मिळत नव्हते, दुसरी मिळत असता घेत नव्हती. दोन्हींची सरमिसळ करणे हा गरिबाचाही अपमान आणि रोग्याचाही. परंतु वैद्यकाची चूक दोन्हीकडे एकच झाली होती. घरच्या माणसास बाजूस सारून तज्ज्ञ आपले काम करू पाहत होता, आणि रोगी घरी परतताच केलेले काम वाहून जात होते.

युरोपास ही चूक उमजली ती लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात. तेथे मुली रुग्णालयात वजन भरून घेत आणि घरी जाताच ते पुन्हा गमावीत. वडाळ्याच्या मुलांचीच ही गोष्ट. जेराल्ड रसेल आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अशा मुलींच्या आईबापांसच उपचारास बसविले. दोष तुमचा नाही, मुलीचाही नाही. दुखणे तिसरे आहे. आणि ते हटेपर्यंत प्रत्येक जेवणास तुम्ही तिच्याशेजारी बसावयाचे, असे त्यांस सांगण्यात येई. विनवणी नाही, धमकी नाही, आणि माघारही नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनेत असे दिसले की कोवळ्या वयात जडलेले आणि तीन वर्षांच्या आत हाती आलेले दुखणे ह्या रीतीने अधिक बरे होते. गल ह्यांनी दाराबाहेर घालविलेले नातलग शंभर वर्षांनी परत आत आले. ह्याच रसेल ह्यांनी १९७९ साली ‘बुलिमिया नर्व्होसा’ ह्या दुसऱ्या विकारास नाव दिले होते. त्यात रोगी अधाशासारखे खातो आणि चोरून ओकून टाकतो. वजन पुष्कळदा जेथल्या तेथे असते, त्यामुळे घरात कोणास पत्ता लागत नाही, आणि इकडे दात झिजतात, पोटॅशियम उतरते, हृदयाचा ठोका चुकू लागतो.

हिंदुस्थानात हे दुखणे नाही, ते श्रीमंत गोऱ्यांचे, अशी समजूत पुष्कळ दिवस होती. १९९५ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी पाच तरुण स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्या जेवत नव्हत्या, ओकत होत्या, वजन पार उतरले होते, विटाळ बंद होता. पण आपण लठ्ठ आहोत असे त्यांतील कोणी म्हणत नव्हती. म्हणून निदान करताना डॉक्टरही अडखळले. आपल्याकडील मुलगी ‘पोटात दुखते’, ‘मळमळते’, ‘घास उतरत नाही’ असे म्हणते, आणि मग पोटाच्या डॉक्टरांकडून पोटाच्या डॉक्टरांकडे तिची यात्रा सुरू होते. दुर्बिणीने आतडी पाहून होतात, नवस फेडून होतात, आणि वर्ष निघून जाते. ‘मानसिक’ हा शब्द उच्चारण्यास घर घाबरते. स्थळ मोडेल, लोक काय म्हणतील. ही भीती खोटी नाही. परंतु मानसिक विकारांत ज्यांनी माणसे अधिक दगावतात अशांत ह्या विकाराची गणना होते, हेही तितकेच खरे आहे. आणि वर्ष गमावणे म्हणजे मॉड्सलीच्या त्या तीन वर्षांतले एक गमावणे होय.

आज मदत मिळते ती पूर्वीपेक्षा जवळ. पहिली पायरी नेहमीच्या डॉक्टरचीच असते. त्याने वजन आणि उंची मोजावी, नाडी व रक्तदाब निजवून आणि उभे करून पाहावा, हृदयाचा आलेख काढावा, रक्तातील क्षार तपासावे. घेरी येत असेल, नाडी फार मंद असेल किंवा ओकाऱ्या थांबत नसतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावयाचे. त्यापुढे मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ ह्या तिघांनी मिळून काम करावयाचे; त्यांतील एकट्या कोणाकडून ते होत नाही, आणि नुसता आहाराचा तक्ता लिहून देणाऱ्याकडून तर मुळीच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. त्याने सरकारी सेवेतून असा उपचार मागण्याचा हक्क प्रत्येकास दिला आणि विम्यातही मनाच्या दुखण्यास देहाच्या दुखण्याच्या पंक्तीस बसविले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या सरकारी ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ ह्या क्रमांकावर दूरध्वनी केला तर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, आणि नाव सांगण्याची सक्ती नसते. पहिले वाक्य जुळविणे सर्वांत कठीण जाते, असे अशा घरांतील माणसे सांगतात. ‘आमची मुलगी जेवत नाही’ एवढे त्यास पुरते.

नातलगांस अयोग्य ठरविणाऱ्या गल ह्यांच्याच कागदांत मात्र एक निराळी नोंद सापडते. १८८८ च्या मार्चमध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आणखी एका मुलीची हकीकत छापली. वय १४, वजन ६३ पौंड, फेब्रुवारीत काही कारण दिसत नसता तिने अन्न टाकले होते. गल तेव्हा वृद्ध झाले होते. ह्या खेपेस त्यांनी गायज रुग्णालयातील एक परिचारिका तिच्यासाठी मिळवून दिली आणि दर काही तासांनी हलके अन्न देण्यास सांगितले. सहा आठवड्यांनी तेथील डॉक्टरांनी प्रकृती बरी असल्याचे कळविले. त्यानंतर २७ जुलै रोजी गल ह्यांच्याकडे मुलीच्या आईचे पत्र आले. मुलगी आता जवळजवळ बरी आहे, असे त्यात लिहिले होते.